पाण्याकडे टाचा

ता. ४ जून

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सात काळ्या कथांपैकी पाच चित्रकथा होऊन कागदावर उतरल्या. शाईसकट एकसष्ट पानं झाली. संपादकबाई खूश आहेत. मुखपृष्ठावर ‘फक्त प्रौढांसाठी’ असं छापायचं ठरलंय. लेखक स्वतः प्रौढ झालेत ना, असं त्यांनी मला हळूच विचारून घेतलं. मी म्हटलं, खात्री देत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात जपून ठेवतोस, म्हणून हा पत्रप्रपंच.

अडचण अशी आहे की तू लिहून मोकळा होतोस, मला काढावं लागतं. लिहिलेल्या ओळीत दडवता येतं, चित्राच्या चौकटीत सगळं दिसतं. ‘सावल्यांचं गोदाम’मध्ये घरात माणसं चार आणि दाराशी चपला पाच जोड. ‘मुकी दाई’मध्ये खोलीत तिघं झोपलेत आणि दाई स्वतःचा सोडून श्वास मोजते चार. आधी वाटलं, पुढे कुणीतरी भूतबीत निघेल. पण ते जास्तीचं माणूस कुठल्याच कथेत येत नाही. तेहतीस वर्षं तू सरकारी मोजणीदार होतास. बांध वीतभर सरकला तर दोन भावांची डोकी फुटतात, हे तूच मला सांगायचास. मग प्रत्येक कथेत तुझी मोजणी एकानं कशी चुकते? आणि नेहमी एक जास्तच का? कमी कधीच नाही.

सर्वांत छळलं ते ‘वाढतं तळं’नं. दरवर्षी एका माणसाच्या उंचीइतकं रुंद होणारं तळं, ही कल्पना काढताना मी चारदा कागद बदलला. पण काठावरच्या त्या मुलीच्या चपला? तू लिहिलंस, ‘टाचा पाण्याकडे, अंगठे रस्त्याकडे.’ पाण्यात शिरणारी मुलगी चपला काढेल तर अंगठे पाण्याकडे असतील. मी मोरीत बादलीसमोर उभी राहून तीनदा काढून पाहिल्या. खालच्या चष्म्याच्या दुकानातला कारागीर भिंगं घासायची थांबवून वर विचारायला आला, बाई, काही पडलं का.

तेव्हा चपला कशा काढू ते कळव. लोभ आहेच, तो मोजून देऊ नकोस.

तुझी,
टिंब

ता. ११ जून

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद.

पानं पाहिली. गोदामात सावल्या कोटांसारख्या खुंट्यांवर टांगल्यास, ते पाहून दोन दिवस मी माझा कोट खुर्चीवरच टाकतोय. हात चांगला बसलाय तुझा.

मोजणीचं म्हणशील तर त्या छापखान्याच्या चुका. जुनी मासिकं, कोण तपासतंय. पाचाचे चार कर, श्वास तीन कर, चपला फिरव. वाचकाला चपलांशी काही देणंघेणं नसतं.

आता तू मला सांग. हे मोजायचं तुझ्या डोक्यात आपणहून आलं की कुणी घातलं? तुझ्या आईनं पानं पाहिली का? हा प्रश्न तिचा असेल तर तसं सरळ लिही, मी रागावणार नाही. आणि पाहिली नसतील तर दाखवू नकोस. अक्कानं माझी एकही कथा आजवर वाचलेली नाही. तिला असलं झेपत नाही म्हणून समज.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकतोय. तूही उत्तर स्वतःच टाक. तब्येतीला जप.

तुझा,
मामा

ता. १५ जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर तुझी चित्रांची वही राहिली. उघडली ते बरं केलं नाही, पण उघडली. तुझ्या बाबांना दाखवलेली नाही. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. वाचून फाडून टाक.

लहानपणी तू विचारायचीस, तेव्हा तुझी मोठी मावशी तापानं गेली एवढंच सांगितलं होतं. ती तापानं गेली नाही. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. मी तेव्हा चौदाची, तुझा मामा अकराचा. ताईचं लग्न ठरलं होतं, तिला ते नको होतं. आमचे बाबा ऐकत नव्हते. एका दुपारी आम्ही सगळे झोपलो असताना ती घरातून गेली. तासाभरानं कुणीतरी तळ्यावरून तिच्या चपला घेऊन आलं. दोन दिवस गळ टाकून शोधलं, काही लागलं नाही. त्यानंतर तुझी आजी सात महिने जगली, तेही नावाला.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी जागी होते. मामा मागच्या दारानं आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं पाय दोनदा धुतले, माझ्या शेजारी येऊन आडवा झाला आणि झोपेचं सोंग घेतलं. चपला घरी आल्या तेव्हा तो पाहायलासुद्धा उठला नाही.

मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एकोणपन्नास वर्षं आमचं ठीक चाललंय. तू ते उकरू नकोस. तळ्याची ती कथा पुस्तकातून काढायला लाव, बाईंना काहीही कारण सांग. माझं एवढं ऐक.

तुझी,
आई

ता. २२ जून

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आठ दिवस टेबलावर कोरा कागद आहे. संपादकबाई रोज विचारतात, मी रोज मान दुखतेय म्हणून सांगते.

छापखान्याच्या चुका म्हणालास म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसले. ‘सावल्यांचं गोदाम’ दोन वेगळ्या मासिकांत, बारा वर्षांच्या अंतरानं छापलंय. दोन्हीकडे पाच. दोन छापखाने एकच चूक करत नाहीत. तू मला खोटं सांगितलंस, आणि आजवर तू मला कधी खोटं सांगितल्याचं आठवत नाही. म्हणून जास्त भीती वाटली.

मोठ्या मावशीबद्दल आईनं लिहिलंय. प्रश्न तिचा नव्हता, माझाच होता. पण उत्तर तिच्याकडून आलं, आणि त्यात त्या दुपारचे तुझे चिखलाचे पाय आहेत.

तुझी पानं आता पाहवत नाहीत. ज्या चौकटीत तळ्याकाठी कुणी नाही, तिथे मला एक अकरा वर्षांचा मुलगा दिसतो. मी गोल गोल लिहीत नाही. मामा, तू तिला ढकललंस का?

काहीही असलं तरी लिही. उत्तर येईपर्यंत मी पेन्सिलला हात लावणार नाही.

टिंब

ता. ३० जून

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद.

नाही. ढकललं नाही. ती पाण्यापर्यंत आलीच नव्हती.

ताईनं लपून परिचारिकेच्या शिक्षणाचा अर्ज केला होता आणि तिला दूरच्या एका इस्पितळात जागा मिळाली होती. नुसती पळून गेली असती तर बाबांनी शोधून फरफटत आणली असती. म्हणून तिनं ठरवलं की आपण मेलो असं वाटू द्यायचं. तिला विश्वासाचं माणूस लागत होतं, आणि घरात तिच्यापुढे मान तुकवणारा मी एकटाच. दुपारी ती मागच्या वाटेनं बसकडे गेली. जाताना तिनं दुसऱ्या चपला घातल्या आणि रोजच्या माझ्या हातात दिल्या. म्हणाली, ‘तळ्याशी ठेव आणि मागं बघू नकोस.’ महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं पत्र टाकीन, तोवर कुणाजवळ बोलायचं नाही, अशी शपथ घातली.

मी काठावर चिखलात उतरलो आणि दाराबाहेर ठेवतात तशा चपला ठेवल्या. परत येऊन पायात घालायला सोप्या पडाव्यात अशा. अकरा वर्षांच्या पोराला दुसरं काय सुचणार. कुणाच्या लक्षात आलं नाही. एकोणपन्नास वर्षांनी तुझ्या आलं.

महिना गेला, पत्र आलं नाही. दोन गेले. शिपायाला मी रोज विचारायचो. इकडे आई अंथरुणाला खिळली. तिला सांगायला मी शंभरदा उठलो असेन. पण तोवर माझ्याच मनात शिरलं होतं की ताई बसपर्यंत गेलीच नाही. घाबरून मागे फिरली आणि खरंच तळ्यात उतरली. मग आईला काय सांगू? ती जिवंत आहे म्हणून? आणि नसली तर?

आई गेली. त्यानंतर शिपायाला विचारणं मी सोडलं, पत्र कधीच आलं नाही. मी तिला मदत केली की तिच्या मरणाची तयारी करून दिली, हे मला आजही माहीत नाही. जमिनी मोजायला लागलो तेव्हा पहिल्या पगाराच्या आधीच त्या तळ्याची मोजणी मागून घेतली होती. काही सापडणार नव्हतंच.

अक्कानं चिखल पाहिला होता, हे तुझ्या पत्रातून कळलं. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यासमोर चहाचा कप ठेवताना मला खुनी समजत होती. तिला हे पत्र दाखव. माझ्यानं लिहवणार नाही.

तुझा,
मामा

ता. ६ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सोबत मामाचं पत्र ठेवलंय. वाचून तुला हलकं वाटेल, असं मी धरून चालले होते. मलाही वाटलं. रात्रभर गाढ झोपले.

सकाळी तुझं पत्र पुन्हा काढलं. तू फाडायला सांगितलं होतंस, मी फाडलं नव्हतं. मामाच्या कथांनी एक वाईट सवय लावली आहे, वाक्य चित्रासारखं बघायची. तू लिहिलंयस, ‘ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे.’ आजीबद्दल ‘जगली’, तळ्याबद्दल ‘शोधलं’, लग्नाबद्दल ‘नको होतं’. सगळं होतं-गेलं. फक्त मावशी ‘आहे’.

घाईत झालं असेल. कुणाच्याही हातून होतं. पण तू किराण्याची यादीसुद्धा दोनदा तपासणारी बाई आहेस. आणि मामाला त्या दुपारबद्दल कधीच काही न विचारण्याइतका तुझा स्वभाव मऊ नाही. तू मला जाब विचारल्याशिवाय कधी दहा मिनिटं उशिरा घरी येऊ दिलं नाहीस.

तुझ्यावर संशय घेताना मला लाज वाटते. पण मला नाही, मामाला लिही. तो साठीचा झालाय आणि अजून शाळेच्या शिपायाची वाट बघतोय.

तुझी,
टिंब

ता. १३ जुलै

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं की दर आठवड्याला भेटून आपण एकमेकांशी काहीच बोललेलो नाही.

चपला घरी आल्या तेव्हा मला तुझा संशय आला होता. ते खरं आहे, पण तो संशय आठ महिनेच होता. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. शाळेत शिपायानं मला थांबवलं. तू वर्गात होतास. तो म्हणाला, धाकट्याचं पत्र आहे, देऊन टाक. अक्षर मी लगेच ओळखलं. नळाशी उभी राहून फोडलं. लग्नाची तारीख टळून बाबा शांत होईपर्यंत लिहायची हिंमत झाली नाही, असं तिनं लिहिलं होतं. चपला ठेवल्याबद्दल तुझं कौतुक केलं होतं. आई बरी आहे ना, असं विचारलं होतं.

बाबू, मला त्या क्षणी तुम्ही दोघंही नकोसे झालात. आई पाणीसुद्धा घेत नव्हती तेव्हा तिच्या उशाशी मी होते. तुमच्या खेळाची तिला काडीची कल्पना नव्हती. मी पत्र तुला दिलं नाही. आज देईन, उद्या देईन, असं काही दिवस वाटत होतं. मग वाटेनासं झालं. तू तिला मेलेली समजतोस हे मला दिसत होतं. तुझ्या कथा मी वाचत नव्हते, कारण त्या कशामुळे लिहिल्या जातात ते मला ठाऊक होतं. पुढची पत्रंही शिपाई माझ्याच हातात द्यायचा. एकूण तीन पत्रं आली, मग आपोआप थांबली.

ती तिन्ही सोबत आहेत. पाकिटावर इस्पितळाच्या वसतिगृहाचा पत्ता आहे. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही.

माफ कर असं लिहीत नाही. जा एवढंच लिहिते.

तुझी,
अक्का

ता. २ ऑगस्ट

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद.

ताई आहे.

वसतिगृहाच्या जागी आता औषधांचं कोठार आहे. इस्पितळाच्या कार्यालयातल्या कारकुनानं दोन दिवस जुनी रजिस्टरं उपसली. मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती. पत्ता जवळचाच निघाला. दुसरा मजला, दोन खोल्या, दारावर ‘इंजेक्शने दिली जातील’ अशी पाटी.

दाराची साखळी न काढता तिनं फटीतून विचारलं, कुठल्या कंपनीचा. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांनी तिला फार पिडलंय म्हणे. मी नाव सांगितलं, तिला पटलं नाही. मी बहिरा म्हणून ओरडत होतो, शेजारची दारं उघडली. तिनं मला आधी खिशातलं कानाचं यंत्र लावायला लावलं. मग कुणी पाठवलं ते विचारलं. मग म्हणाली, डाव्या पायाची विजार वर कर. लहानपणी झाडावरून पडून मला नडगीला टाके पडले होते. साठीच्या माणसानं जिन्यात उभं राहून पाय दाखवला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘वाईट घातलेत टाके.’ आणि साखळी काढली.

तुझी पानं दाखवली. तळ्यावरची मुलगी पाहून म्हणाली, मी अशी बारीक कधीच नव्हते. आणि त्या पोरीला म्हणावं, चित्रात दिवे लाव जरा, डोळे जातील. तळं का वाढतं ते मी समजावत होतो, तेव्हा ती रडली.

आता एक गोष्ट, आणि ही तुझ्यापाशी ठेव. ताईनं डब्यातून एक कार्ड काढलं. तिच्या तिसऱ्या पत्राला आलेलं उत्तर. ‘आई गेली. आता इथे पत्र पाठवू नकोस.’ खाली सही नाही. तिनं वर्षभर मानलं की ते मी लिहिलं. मग एकदा तिला आठवलं की ‘आई’मधल्या ‘ई’ला असा लांब फराटा आमच्या घरात एकच माणूस काढायचं. तरीही ती परत लिहायला धजली नाही. मला वाचून काय वाटलं ते विचारू नकोस. अक्कानं मला लिहिलंय, पत्रं आपोआप थांबली.

अक्काला भेटायला आणू का, असं मी विचारलं. ताई म्हणाली, आधी तिला लिहू दे. सगळं लिहिलं तर उत्तर देईन. काही हातचं राखलं तर पाकीट परत पाठवीन. मी अक्काला ताईचा पत्ता, खुशाली आणि ‘पत्र लिही’ एवढंच कळवलंय. कार्ड ताईनं जपलंय हे तिला ठाऊक नाही. तू सांगू नकोस. चपला मी लिहिल्या तशाच काढ, आणि जोड पाचच ठेव.

तुझा,
मामा

ता. १६ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

पुस्तक पुरं झालं. सत्त्याऐंशी पानं. गेल्या आठवड्यात सगळी छपाईला गेली.

आईकडे चार दिवस राहून आले. ती स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहीत बसते. मी आत गेले की कागद उलटा करते. टोपलीत बोळे पडलेले असतात. एक मी उचलला, उघडायच्या आत परत टाकला. कार्डाचं सांगून टाकावं असं तीनदा ओठावर आलं. सांगितलं असतं तर तिनं लिहिलंच असतं, पण मग ते तिचं नसतं.

निघताना पाकीट बंद होतं. तिनं ते मला टाकायला दिलं. स्टँडवरच्या पेटीपाशी मी किती वेळ उभी होते ते विचारू नकोस. उघडलं नाही. उजेडाकडे मात्र एकदा धरलं. आपल्या घरातल्या बायकांचा पत्रांच्या बाबतीत भरवसा नाही, मी त्यातलीच. तुला कळलं की मला लगेच कळव.

तुझी,
टिंब

ता. १५ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं बरं आहे. गुडघे दुखतात. यजमान निवृत्त झालेत, दिवसभर रेडिओ दुरुस्त करतात, तो काही दुरुस्त होत नाही. मुलगी चित्रं काढते, तुझ्यासारखी हट्टी आहे. तू इंजेक्शनं देतेस हे बाबूनं सांगितलं. लहानपणी तुला काटा काढतानासुद्धा बघवत नव्हतं.

हा सहावा कागद. आधीचे पाच टोपलीत गेले.

तुझी पत्रं मी दाबून ठेवली, हे बाबूनं तुला सांगितलं असेल. पत्रं आपोआप थांबली, असं मी त्याला लिहिलं. आपोआप थांबली नाहीत. मी तुला कार्ड टाकलं होतं. तुला मिळालं की नाही, तुझ्या लक्षात आहे की नाही, मला माहीत नाही. सही केली नाही, ती विसरून नव्हे. अक्षर बाबूसारखं वळवायचा प्रयत्न केला होता. वहीच्या मागच्या पानावर आधी गिरवून पाहिलं होतं. त्यानं तुला तोडलं असं तुला वाटावं, आणि तू त्याला विसरलीस असं त्याला वाटावं, एवढा विचार करून मी हे पंधराव्या वर्षी केलं. आईच्या दुःखात केलं असं पाच कागदांवर लिहिलं. दुःख होतं. पण तू जाताना त्याला सांगितलंस आणि मला नाही, याचा राग त्याहून मोठा होता.

पुढे मोठी झाले, राग गेला. तरीही सांगितलं नाही. ते कशामुळे, याला माझ्याकडे कारण नाही.

लोभ असावा, हे शब्द इतर पत्रांत हातून आपसूक जातात. इथे मागायचा धीर होत नाही. उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. द्यावंसं वाटलं आणि थेट मला लिहिणं तुला जमलं नाही, तर बाबूच्या नावानं माझ्या पत्त्यावर टाक. मी नेऊन देईन. न उघडता.

तुझी धाकटी